जागतिक करारात आपल्या देशाचे हात कुठं बांधले गेले ते कसं शोधायचं : एन्रॉनपासून उसाच्या एफआरपीपर्यंत

जागतिकीकरणामुळे देशाचं सार्वभौमत्व गेलं की राहिलं यावर वाद सुरू झाला की लगेच दोन तट पडतात, एक म्हणतो देश विकायला काढला, दुसरा म्हणतो जग कुठं चाललंय आणि तुम्ही कुठं अडकून बसलाय, आणि दोघांपैकी बहुतेकांनी मूळ कागद उघडूनसुद्धा बघितलेला नसतो. मला हे मनापासून खटकतं, कारण कागद असतो, बऱ्याचदा तो फुकट वाचायला मिळतो आणि कुठं बघायचं ते माहीत असलं की वकील नसलेल्या माणसालाही त्यातलं महत्त्वाचं कळतं.

माझं म्हणणं साधं आहे. देशाचा अधिकार कमी होतो तो बहुतेक वेळा आपल्याच सरकारने सही केलेल्या एखाद्या कलमातून. त्यामुळे तो कुठं आणि किती कमी झाला हे कलमावर बोट ठेवून दाखवता येतं, आणि दाखवता आलं तरच त्यावर नीट भांडता येतं. तर पेपरात नवा व्यापार करार आला, परदेशी कंपनीबरोबर वीज किंवा पाण्याचा करार झाला, डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, भारत हरला अशी बातमी आली, की काय तपासायचं ते खाली लिहितोय. उदाहरण मुख्यतः एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या वीज प्रकल्पाचं घेतलंय, कारण जे काही बिघडू शकतं ते सगळं त्या एकाच प्रकरणात बघायला मिळतं आणि ते आपल्या गुहागरात घडलंय.

आधी बघा कागद कुठल्या जातीचा आहे

एमओयू, कंत्राट आणि आंतरराष्ट्रीय करार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातमीत तिन्हीला सरसकट करार म्हणतात. दर जानेवारीत दावोसहून आपल्याकडे लाखो कोटींच्या आकड्यांच्या बातम्या येतात ते बहुतेक एमओयू असतात, म्हणजे इरादापत्र, ते मोडलं म्हणून सहसा कुणी कोर्टात जात नाही. कंत्राट म्हणजे सरकार किंवा सरकारी मंडळ एका बाजूला आणि कंपनी दुसऱ्या बाजूला, ते दोघांवर बंधनकारक. आणि देश-देशांतला करार म्हणजे त्याच्या वरची पायरी, तो सरकार बदललं तरी बदलत नाही.

पण एमओयूकडे दुर्लक्षही करू नका. एन्रॉनची माणसं जून १९९२ मध्ये मुंबईत आली आणि काही दिवसांतच, २० जूनला, एमओयू झाला. ना स्पर्धात्मक निविदा, ना दुसऱ्या कुणाचा दर मागवला. वीज खरेदी करार, म्हणजे पीपीए, त्यानंतर दीड वर्षाने ८ डिसेंबर १९९३ ला झाला, पण खरेदी यांच्याकडूनच करायची हे त्या जूनमध्येच ठरून गेलं होतं. म्हणून एमओयूच्या बातमीत एवढं एकच शोधा की पुढे स्पर्धा होणार आहे की नाही.

कागद मिळवायचा कुठून? व्यापार करार सही झाल्यावर वाणिज्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर प्रकरणागणिक टाकतात. गुंतवणूक करार, म्हणजे एकमेकांच्या कंपन्यांच्या गुंतवणुकीला संरक्षण द्यायचे दोन देशांतले करार, अगदी रद्द झालेलेसुद्धा, अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या वेबसाइटवर देशाचं नाव टाकून सापडतात. डब्ल्यूटीओचे निकाल डब्ल्यूटीओच्या साइटवर वाद क्रमांकाने मिळतात. राज्याचे वीज करार वीज नियामक आयोगाच्या आदेशांमधून बरेचसे कळतात. नाहीच मिळालं तर माहिती अधिकार टाका, आणि त्यात कलम ४(१)(ग) चा उल्लेख करा, म्हणजे लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्याबद्दलची सगळी संबंधित माहिती सरकारने आपणहून प्रसिद्ध करायची असते ते कलम. कलम ८ दाखवून व्यापारी गोपनीयता किंवा परराष्ट्र संबंध म्हणून नकार देतात, मग अपील करायचं. १९९३ ला हे हत्यार हातात नव्हतं, माहिती अधिकाराचा कायदाच २००५ चा. एन्रॉनचा पीपीए सुरुवातीला गुप्तच ठेवला होता, तरी पुण्याच्या प्रयास संस्थेतल्या लोकांनी आकडेमोड करून करार वीज मंडळाला कसा झेपणार नाही ते मांडून दाखवलं. म्हणजे हे काम सरकारबाहेरच्या माणसांनी याआधी केलेलं आहे.

सही कुणाची आणि विचारलं कुणाला

ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते. भारतात आंतरराष्ट्रीय करार करायला संसदेची मंजुरी लागत नाही. मंत्रिमंडळ ठरवतं, सही होते. संसदेकडे यावं लागतं ते करार राबवायला एखादा कायदा करायचा किंवा बदलायचा असेल तेव्हाच. आणि घटनेचं कलम २५३ म्हणतं की करार राबवण्यासाठी संसद देशाच्या कुठल्याही भागासाठी कायदा करू शकते, विषय राज्यसूचीतला असला तरी. शेती राज्याचा विषय, पाणी राज्याचा विषय, पण मारकेशला एप्रिल १९९४ मध्ये डब्ल्यूटीओच्या करारावर सही झाली तेव्हा त्यातल्या शेती करारावर महाराष्ट्राच्या किंवा पंजाबच्या विधानसभेचं मत घेणं सक्तीचं नव्हतं.

म्हणून नवा करार आला की विचारा, हा विषय कुणाच्या यादीतला आहे, राज्याला विचारलं का, संसदेच्या स्थायी समितीपुढे गेला का. माझ्या मते सार्वभौमत्वाचा अर्धा प्रश्न इथेच आहे, घरातच. अमेरिकेत, युरोपात मोठा व्यापार करार सहसा लोकप्रतिनिधींच्या मतदानाशिवाय पुढे जात नाही, आपल्याकडे जातो, आणि हा नियम बाहेरच्या कुणी आपल्यावर लादलेला नाही.

पैशाचं कलम : इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

आता एन्रॉन नीट बघू. १९९१ चा काळ डोळ्यासमोर आणा, परकीय चलन संपत आलेलं, सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण, आणि सरकार वीजक्षेत्र परदेशी कंपन्यांना उघडतंय. गरजेत केलेला करार नेहमी दुप्पट काळजीने वाचायचा, कारण समोरच्याला तुमची घाई दिसत असते. प्रकल्पाला दाभोळ नाव पडलं पण दाभोळ गाव खाडीच्या उत्तरेला दापोली तालुक्यात आणि प्रकल्प खाडीच्या दक्षिणेला गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर, रानवी या भागात. एकूण २,००० मेगावॉटच्या वरचा प्रकल्प, दोन टप्प्यांत.

पैशाच्या कलमात चार गोष्टी शोधायच्या.

पहिली, माल घेतला नाही तरी पैसे द्यायचे का. वीज कराराच्या दरात दोन भाग असतात, एक स्थिर आकार म्हणजे प्रकल्प तयार ठेवल्याबद्दल दरमहा द्यायची रक्कम, आणि दुसरा इंधनाचा खर्च. स्थिर आकार वीज घ्या नाहीतर घेऊ नका, द्यावाच लागतो. नुसतं समजायला सोपे आकडे घेतो, हे खरे नाहीत : महिन्याचा स्थिर आकार १०० कोटी धरा. मंडळाने ५० कोटी युनिट घेतली तर युनिटमागे २ रुपये पडले. २० कोटीच घेतली तर ५ रुपये पडले. वर इंधन वेगळं. म्हणजे वीज महाग म्हणून कमी घ्यावी तर ती आणखी महाग होते, म्हणून आणखी कमी घेतात, असं ते चक्र फिरत राहतं. आणि एन्रॉनमध्ये हेच झालं. पहिला टप्पा, ७४० मेगावॉट, मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००० साली काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्याही वर गेला, तेव्हा मंडळाला दुसरीकडची वीज त्याच्या कितीतरी कमी दरात मिळत होती.

दुसरी, पैसे कुठल्या चलनात. पीपीएवर सही झाली तेव्हा डॉलर साधारण ३१ रुपयांना होता, २००१ ला ४६-४७. करारातला मोठा हिस्सा डॉलरला बांधलेला, आणि इंधन नाफ्था, त्याची किंमत जागतिक बाजाराची. वीज विकायची कोल्हापूरच्या शेतकऱ्याला आणि भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला, रुपयात, आणि बिल वाढणार डॉलरबरोबर. रुपया पडला तर तोटा कुणाचा हे ज्या कलमात लिहिलंय ते कलम शोधल्याशिवाय कुठलाही पायाभूत सुविधांचा करार वाचून झाला असं समजू नका.

तिसरी, जामीन कोण. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकार देणार ही हमी, आणि राज्याने दिले नाहीत तर केंद्र सरकार देणार ही काउंटर गॅरंटी. सोसायटीच्या कर्जाला भावाने जामीन राहावं आणि भावाला बापाने, तसलाच प्रकार. यात एक बारीक गोष्ट लक्षात घ्या : कंपनीने धंद्यात जोखीम घ्यायची आणि म्हणून नफा कमवायचा हे खासगीकरणाचं मूळ तत्त्व, पण इथे जोखीम सगळी सरकारकडे आणि नफा ठरलेला. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने थकीत बिलापोटी केंद्राची काउंटर गॅरंटी वटवायची नोटीस दिलीच. म्हणजे राज्याच्या मंडळाने केलेल्या खरेदीचं बिल देशाच्या तिजोरीपर्यंत पोहोचलं.

चौथी, हमी देताना देशाने आपला सार्वभौम बचाव सोडला आहे का. मोठ्या करारात असं एक वाक्य असतं की सरकार आपल्या सार्वभौम संरक्षणाचा दावा करणार नाही, म्हणजे परक्या देशात सरकारची मालमत्ता जप्त करायची वेळ आली तर आम्ही सरकार आहोत म्हणून आम्हाला हात लावू नका असं म्हणता येणार नाही. शब्द कंटाळवाणे असतात, पानाच्या तळाशी असतात, पण अख्ख्या कागदात सार्वभौम हा शब्द बऱ्याचदा इथे एकदाच येतो आणि तोही सोडून देण्यासाठी.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण ती आपल्या सोयीच्या समजुतीत बसत नाही. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता, आयात इंधनावरची ही वीज महाग आहे आणि मंडळाच्या गरजेशी जुळत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे बाहेरची संस्था नको म्हणत होती आणि आपलं सरकार हो म्हणत होतं. नंतर युतीचं सरकार आलं, मुंडे समिती नेमली, ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द केला, कंपनी लंडनला लवादात, म्हणजे कोर्टाऐवजी पंचांपुढे, गेली, आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प परत आला, तोही आधीपेक्षा मोठी खरेदी बांधून घेऊन. केंद्रात वाजपेयींचं १३ दिवसांचं सरकार मे १९९६ मध्ये बहुमत नसताना बसलं होतं, त्याने जाता जाता काउंटर गॅरंटीला मंजुरी दिली. सगळे पक्ष यात आले. म्हणून कागद वाचताना सही कुठल्या पक्षाची हे शेवटी बघा, आधी कलम बघा.

गावाचं काय झालं तेही याच प्रकरणात येतं. ह्युमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात नोंदवलंय की आंदोलकांवर कारवाई करणाऱ्या पोलिसांच्या बंदोबस्ताचे पैसे कंपनी देत होती. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळीवाड्यात पहाटे पोलीस घुसले, बायकांना मारहाण झाल्याच्या तक्रारी आहेत. सार्वभौमत्व म्हणजे दिल्ली आणि वॉशिंग्टनमधली गोष्ट असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं तरी वाचावं. आपल्याच गावात आपल्याच पोलिसांचा खर्च कोण देतंय, हा प्रश्न करार वाचताना विचारायचा आहे.

भांडण झालं तर कुठल्या दारात जायचं

करारात शेवटाकडे वाद निवारणाचं प्रकरण असतं, ते सोडू नका. तीन गोष्टी बघायच्या : कायदा कुठल्या देशाचा लागू, लवाद कुठल्या शहरात, आणि आधी भारतीय कोर्टात जाणं सक्तीचं आहे का.

एन्रॉनमध्ये लवाद लंडनला. २००१ मध्ये मंडळ म्हणालं की दराचा वाद महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगापुढे चालावा, आयोगाने लंडनची प्रक्रिया पुढे नेऊ नका असा आदेश दिला. आपल्याला वाटेल की बरं झालं, आपल्या राज्याच्या विजेचा दर आपला आयोग ठरवणार. पण हे असे स्थगिती आदेशच पुढे उलटले. अमेरिकेतल्या लवादाने २००३ मध्ये म्हटलं की लवादाचा मार्ग अडवणं म्हणजे गुंतवणूक हिरावून घेण्यासारखंच आहे, आणि त्या जोरावर प्रकल्पातल्या भागीदार बेक्टेल व जीई या कंपन्यांना तिथल्या सरकारी विमा संस्थेकडून भरपाई मिळाली, मग ती संस्था भारत सरकारच्या मागे लागली. एन्रॉन स्वतः डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोर झाली होती, पण प्रकरण काही मेलं नाही, कारण बेक्टेल आणि जीईचा पैसा मॉरिशसच्या कंपनीतून आला होता आणि भारत-मॉरिशस गुंतवणूक करार लागू होता. मॉरिशसमध्ये यांची वीज नाही, कारखाना नाही, कागदावरची कंपनी आहे, तेवढं पुरतं. बँकांनीही वेगवेगळ्या देशांबरोबरच्या गुंतवणूक करारांखाली दावे लावले. शेवटी २००५ मध्ये तडजोडी झाल्या, एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढली आणि बंद पडलेला प्रकल्प सरकारी पैशाने सोडवून घेतला.

म्हणून बातमीत अमेरिकन कंपनी असं आलं तरी थांबू नका, पैसा कुठल्या देशातून फिरून येतोय ते बघा आणि त्या देशाबरोबर आपला गुंतवणूक करार आहे का ते शोधा.

आणखी एक कलम आहे ज्याचं नाव ऐकून कळत नाही, मोस्ट फेवर्ड नेशन. अर्थ असा की दुसऱ्या कुठल्याही देशाला दिलेली सवलत मलाही मिळायला हवी. व्हाइट इंडस्ट्रीज नावाची ऑस्ट्रेलियन कंपनी होती, कोल इंडियासाठी पिपरवारच्या खाणीचं काम केलेली. लवादाचा निकाल २००२ मध्ये तिच्या बाजूने लागला आणि मग तो वसूल करायचं प्रकरण आपल्या कोर्टात वर्षानुवर्षं लटकलं. कंपनीने भारत-ऑस्ट्रेलिया करार काढला, त्यातलं हे कलम वापरून भारत-कुवेत करारातलं एक वाक्य उचललं, दाव्यांसाठी प्रभावी साधनं उपलब्ध करून देऊ असं ते वाक्य, आणि २०११ मध्ये भारत हरला. कोर्टातला उशीर हा आंतरराष्ट्रीय दाव्याचा आधार ठरला! कुवेतबरोबर करार करताना लिहिलेलं एक ओळीचं वाक्य ऑस्ट्रेलियाच्या कंपनीला उपयोगी पडलं. त्यामुळे हे कलम दिसलं की तो एकटा करार वाचून भागत नाही, आपण केलेले बाकीचे करारही त्यात आले असं समजायचं.

उद्या कायदा बदलावासा वाटला तर काय

करार वाचताना स्वतःला विचारा : पाच वर्षांनी निवडून आलेल्या सरकारला या विषयात वेगळा कायदा करायचा असेल तर त्याला कोण अडवू शकतं?

व्होडाफोन घ्या. २००७ मध्ये हच-एस्सारमधला हिस्सा केमन बेटांवरच्या कंपनीमार्फत विकत घेतला, ११ अब्ज डॉलरच्या आसपासचा व्यवहार, धंदा सगळा भारतातला. कर मागितला, जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, सरकारने त्याच वर्षी कायदाच मागच्या तारखेने बदलला. मला स्वतःला मागच्या तारखेचा कर पटत नाही, पण तो चूक की बरोबर हे ठरवायची जागा आपली संसद आणि आपलं कोर्ट असायला हवी असं मला ठाम वाटतं. तसं झालं नाही. भारत-नेदरलँड्स करारावरून सप्टेंबर २०२० मध्ये व्होडाफोनच्या प्रकरणात आणि ब्रिटनच्या करारावरून डिसेंबर २०२० मध्ये केर्न या ब्रिटिश तेल कंपनीच्या, अशाच मागच्या तारखेच्या कराच्या, प्रकरणात भारताविरुद्ध निकाल लागले. केर्नची रक्कम १.२ अब्ज डॉलर अधिक व्याज. २०२१ मध्ये केर्नने न्यूयॉर्कच्या कोर्टात एअर इंडियावर दावा लावला, पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर फ्रेंच कोर्टाकडून टाच आणली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या संसदेने तो मागच्या तारखेचा कर मागे घेतला. वर ते सार्वभौम बचाव सोडायचं वाक्य सांगितलं ना, परदेशातल्या मालमत्तेवर टाच म्हणजे काय ते इथे बघा.

आता उसाकडे या, कारण हे तर आपल्या दारातलं आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीवरून घोषणा होतात तेव्हा भांडण कारखानदार आणि सरकारशी चाललेलं असतं, पण २०१९ पासून त्यात ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाही आहेत. त्यांनी डब्ल्यूटीओत तक्रार केली की भारत उसाला मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो आणि साखर निर्यातीला अनुदान देतो. डब्ल्यूटीओच्या शेती करारात आपल्यासारख्या देशाला एखाद्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्के एवढाच असा आधार देता येतो, आणि आधार मोजताना आजच्या किमतीची तुलना सरसकट १९८६-८८ च्या जागतिक किमतीशी होते. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या किमतीशी आजची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकार ठरवतं तो उसाचा किमान दर, ताडून बघितली तर आधार प्रचंडच दिसणार, त्यात शेतकऱ्याच्या हातात काय उरतं हे कुठंच येत नाही. भारताने सांगितलं की एफआरपी सरकार देतच नाही, कारखाने देतात, आमच्या तिजोरीतून पैसा जात नाही. पॅनलने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटलं की फरक पडत नाही, किंमत सरकारने बांधून दिली म्हणजे आधार झाला.

तरी एफआरपी आजही चालू आहे, ते कसं? भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केलं आणि अपील ऐकणारी संस्थाच डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, कारण अमेरिकेने तिथल्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. त्यामुळे निकाल लटकलेला आहे. बातमी वाचताना हा फरक ओळखा, भारत हरला म्हणजे उद्यापासून नियम बदलला असं नसतं, निकाल, अपील, अंमलबजावणी आणि मग समोरच्या देशाने लादायचे जादा कर अशा पायऱ्या असतात. पण अपील संस्था पुन्हा चालू झाली तर हे प्रकरण जिवंत आहे, आणि ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही खासदाराला त्याबद्दल विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बाहेर पडायचा रस्ता आणि मोकळी ठेवलेली जागा

शेवटची प्रकरणं वाचा. डब्ल्यूटीओतून सहा महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं, कागदावर. गुंतवणूक करारांचं उलटं असतं, करार संपवला तरी आधीच्या गुंतवणुकीला पुढे दहा-पंधरा वर्षं संरक्षण चालूच राहतं असं कलम असतं. भारताने २०१६-१७ च्या सुमारास पन्नासच्या वर देशांना नोटिसा देऊन जुने करार संपवले, तरी त्यांची शेपूट अजून चालू आहे. नवा नमुना करार २०१५ अखेरीस मंजूर झाला, त्यात कंपनीने आधी पाच वर्षं भारतीय कोर्टात दाद मागायची आणि कराचे विषय बाहेर ठेवायचे असं आहे. पण नमुना म्हणजे फक्त वाटाघाटीची सुरुवात, संयुक्त अरब अमिरातीबरोबर २०२४ मध्ये केलेल्या करारात पाचाची तीन वर्षं झाली. म्हणून नवा गुंतवणूक करार आला की पहिल्यांदा हा आकडा बघा.

आणि अपवाद बघायला विसरू नका, कारण सगळं गेलं असं म्हणणं खोटं आहे. डब्ल्यूटीओच्या ट्रिप्स, म्हणजे बौद्धिक संपदेच्या, करारामुळे औषधांना पेटंट देणं भाग पडलं, पण त्यातच देशांना ठेवलेली जागा आपण वापरली. २००५ च्या दुरुस्तीत कलम ३(घ) आलं, जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट नाही, आणि त्यावर नोव्हार्टिस ही स्विस औषध कंपनी १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टात हरली. त्याआधी मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवाय दुसऱ्याला ते औषध बनवू देणारा परवाना, निघाला, कॅन्सरवरच्या नेक्साव्हरचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांच्या आसपास होता, नॅटको या भारतीय कंपनीला ८,८८० रुपयांत विकायची परवानगी मिळाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण आरसीईपीत, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या मोठ्या व्यापार करारात, गेलोच नाही, त्यात दूध उत्पादकांच्या विरोधाचा मोठा वाटा होता. हे सगळं जागतिकीकरणाच्या आतच झालं. म्हणून व्यापार करारात औषधं आणि पेटंटचं प्रकरण उघडून बघा की ट्रिप्सपेक्षा जास्त काही कबूल केलंय का, आणि सक्तीच्या परवान्याबद्दल काही मवाळ, गोलमोल भाषा घुसवलीय का. अशी भाषा घुसवतात.

हाताशी दोनच तास असतील तर

अख्खा करार वाचायला बसू नका, हजार पानं असू शकतात. या क्रमाने जा : आधी व्याख्या, विशेषतः गुंतवणूक आणि गुंतवणूकदार म्हणजे कोण, कागदी कंपनी त्यात बसते का. मग वाद निवारण. मग अपवाद. मग शेवटच्या तरतुदी, म्हणजे मुदत आणि बाहेर पडणं. त्यानंतर परिशिष्टं, कारण आपण काय राखून ठेवलंय, दूध, डाळी, सरकारी खरेदी, ते तिथे असतं. कंपनीचं कंत्राट असेल तर स्थिर आकार, चलन, हमी आणि लवादाचं शहर, बस.

मग जे सापडलं ते एका पानावर मराठीत लिहा, कलमाचा क्रमांक टाकून, कारण क्रमांक नसेल तर कुणी उत्तर देत नाही. ते पान तुमच्या खासदाराला पाठवा आणि एकच नेमका प्रश्न विचारा, उदाहरणार्थ अमुक कराराच्या अमुक कलमाखाली राज्य सरकारच्या निर्णयावर परदेशी कंपनी दावा लावू शकते का, आणि राज्याचं मत घेतलं होतं का. असे प्रश्न लेखी स्वरूपात संसदेत विचारता येतात आणि त्यांची उत्तरं कायम नोंदीत राहतात. परराष्ट्र व्यवहाराच्या स्थायी समितीने २०२१ मध्ये गुंतवणूक करारांवर एक अख्खा अहवाल दिलाय, तो संसदेच्या साइटवर आहे, प्रश्न कसा मांडायचा ते कळत नसेल तर तो चाळा. वाणिज्य खातं वाटाघाटी चालू असताना अधूनमधून सूचना मागवतं, तिथे उद्योगांच्या संघटना दरवेळी पत्रं धाडतात, शेतकरी संघटना, ग्राहक पंचायती, बचत गटांचे महासंघ यांची पत्रं मात्र फार कमी जातात. पाठवा. सही व्हायच्या आधी गेलेल्या एका पत्राने एखादी ओळ परिशिष्टात जाऊ शकते, सही झाल्यावर तीच ओळ मिळवायला लंडन किंवा हेगला वकील लावावा लागतो आणि त्याची फी आपणच भरतो.